मग तुला कळलं काय?

आमच्या विद्यापीठात संशोधन फार चालतं. उन्हाळ्यात चालतं, पावसाळ्यात चालतं, दिवाळीच्या सुट्टीतही चालतं, आणि बढत्यांचे नियम आहेत तोवर ते असंच चालत राहणार. भौतिकशास्त्रापासून नाट्यशास्त्रापर्यंत एकही विभाग असा नाही की जिथे कुणी ना कुणी कशावर तरी प्रबंध लिहीत नाही. विद्यापीठाच्या संशोधन आढावा समितीचं इतिवृत्त मी कित्येक वर्षं लिहितो आहे. त्यामुळे आता 'संशोधन' हा शब्द कानावर पडला तरी मला पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा वास आल्यासारखं होतं. त्या समितीत मी टिकलो तो फक्त एका बाईंमुळे.

प्राणिशास्त्राच्या डॉ. कुंदा खानविलकर. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी मराठी विभागातला, म्हणून बाई म्हणायचो, आणि त्यांनाही ते बरं वाटायचं. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, आवाज असा की कॉरिडॉरच्या त्या टोकाला कळावं. वडील मालवणाकडून गिरणीत आलेले, बाईंच्या जन्माआधीच गिरणी सोडून विक्रोळीच्या एका कारखान्यात लागलेले. बाईंचा सगळा जन्म विक्रोळीतच गेला. चाळीच्या मागे तिवरं आणि तिवरांच्या मागे खाडी, त्यामुळे त्या प्राणिशास्त्रात गेल्या की प्राणिशास्त्र त्यांच्या दारात आलं, हे सांगणं कठीण.

त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला तो निवटीचा. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलावर सरपटत फिरणारा, डोळे कपाळावर आलेला एक मासा. ओहोटी लागली की बाई गमबूट चढवून गुडघाभर चिखलात उतरायच्या. त्यांच्या केबिनच्या दारावर तासिकांचं वेळापत्रक नव्हतंच, भरती-ओहोटीचा तक्ता चिकटवलेला असे. मुलं तो बघून ठरवायची, आज मॅडम भेटतील की नाही. गमबूट पंख्याखाली वाळत पडलेले, कपाटात बरण्या, टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी ओलं. त्या खोलीत शिरलं की पहिल्यांदा श्वास कोंडायचा. बाईंना त्याचं काहीच वाटायचं नाही. कुजलेला मासा त्या बोटांनी उलगडायच्या आणि त्याच हाताने चष्मा वर सारायच्या.

डब्यात सुकट आणि तांदळाची भाकरी. कॉमर्सचे विभागप्रमुख डॉ. सबनीस स्टाफरूममध्ये त्या डबा उघडताना दिसले की खिशातून सुगंधी स्प्रेची छोटी बाटली काढून हवेत फवारायचे. एकदा बाई शांतपणे म्हणाल्या, "सबनीस, तुमच्या त्या फवाऱ्याने माझं जेवण बाटलं हो." सबनीस हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

बाईंना खरी किळस यायची ती आढावा समितीत. वर्षातून एकदा ही समिती सगळ्या विभागांचं संशोधन ऐकायला बसायची. अध्यक्ष म्हणजे विज्ञान शाखेचे अधिष्ठाता डॉ. पालेकर, मूळचे रसायनशास्त्राचे. बाई सदस्य, मी लेखनिक. वातानुकूलित सभागृह, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि काजूची वाटी. एकेक विभाग यायचा, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायचा, टाळ्या घ्यायचा आणि जायचा.

रसायनशास्त्रात दरवर्षी कुणीतरी केळीच्या सालीने सांडपाणी स्वच्छ करायचं. केळी झाली की संत्र्याची साल, मग शेंगांची टरफलं, मग नारळाचा काथ्या. फळं संपतील पण प्रबंध संपणार नाहीत, असा हिशोब. मानसशास्त्रात विद्यार्थ्यांचा परीक्षेचा ताण मोजायचे, तोही वर्गाचं दार लावून, हजेरीची भीती घालून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर. शिक्षणशास्त्रात जी पद्धत तपासायला घ्यावी ती परिणामकारक ठरायची, आजवर एकही पडली नाही. आमच्या मराठीत कुणातरी कादंबरीकाराच्या कादंबऱ्यांतली स्त्री शोधत असत. माझ्या विभागाने इतक्या स्त्रिया शोधल्या आहेत की त्या सगळ्यांना बसवायला जागा पुरणार नाही, आणि सगळ्या एकजात सोशिक.

बाई हे सगळं ऐकून घ्यायच्या, मग चष्मा काढून एकच प्रश्न विचारायच्या.

"बरं. मग तुला कळलं काय?"

मुलगा पुन्हा सारांश वाचायला लागायचा. बाई हात वर करायच्या. "ते ऐकलं रे मी. चार वर्षांपूर्वी तुला माहीत नव्हतं आणि आता माहीत झालं, असं काय ते सांग. एकच गोष्ट सांग. लहान असली तरी चालेल."

या प्रश्नापुढे भलेभले गार पडलेले मी पाहिले आहेत. केळीच्या सालीवाल्या एका मुलाला त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या विभागाच्या मागून तो काळा नाला वाहतो ना, त्यात एक साल तरी टाकून बघितलीस?" मुलाने पालेकरांकडे पाहिलं. पालेकर काजू खात होते. तो म्हणाला, "मॅडम, ते आमच्या व्याप्तीत येत नाही." बाईंच्या तोंडून "शी!" असं निघालं. हा शब्द त्या लहान मुलासारखा उच्चारायच्या, सगळं तोंड वाकडं करून. इतिवृत्तात मी लिहिलं, 'सदस्यांनी उपयुक्त सूचना केल्या.' दुसरं काय लिहिणार?

कॉमर्सवाल्यांचा किस्सा तर अजून माझ्या डोक्यातून जात नाही. सबनीसांच्या हाताखाली अंधेरीतल्या ग्राहकांच्या समाधानावर एक प्रबंध झाला होता. पुढे बोरिवलीतल्या ग्राहकांच्या समाधानावर झाला, मग मुलुंडच्या. त्या वर्षी घाटकोपरची पाळी होती. उमेदवार चांगला सुटाबुटातला, घडाघडा वाचत होता. वाचता वाचता म्हणाला, "घाटकोपरच्या चौपाटीवर सायंकाळी फिरायला येणारा ग्राहक हा प्रामुख्याने मध्यमवर्गीय असून..."

बाईंनी हात वर केला. "कुठल्या चौपाटीवर?"

"घाटकोपरच्या, मॅडम."

"पुढे वाच."

त्याने वाचलं. किनाऱ्यावरच्या कोळी भगिनींकडून ताजी मासळी घेण्याकडे घाटकोपरच्या ग्राहकांचा कल असल्याचं त्याने टक्केवारीसकट सांगितलं. समुद्र अंधेरीला आहे, घाटकोपरला नाही, पण सभागृहात कुणालाच काही खटकलं नाही. अंधेरी हा शब्द काढून तिथे घाटकोपर टाकला होता, संगणकाने इमानेइतबारे सगळीकडे टाकला होता, आणि तो मजकूर मार्गदर्शकाने वाचला नव्हता, उमेदवारानेही आत्ता पहिल्यांदाच वाचला असावा.

बाई उभ्या राहिल्या. चिडल्या की त्यांची भाषा सरळ मालवणीवर जायची. "खंय आसा रे तो किनारो? माका घेऊन चल. माझो जन्म गेलो चिखलात, माका कधी गावलो नाय!"

सबनीस घाईघाईने म्हणाले, "मॅडम, टायपिंगची चूक आहे."

"टायपिंगची?" बाई म्हणाल्या. "अहो, अख्खा समुद्र उचलून आणलात तुम्ही. आमच्या गावात ह्याका चोरी म्हणतत."

पालेकरांनी चहा मागवला. प्रबंध 'किरकोळ दुरुस्त्यांसह' मंजूर झाला. त्या मुलाला पुढे डॉक्टरेट मिळाली, आणि तो आता दुसऱ्या कॉलेजात संशोधन पद्धती हा विषय शिकवतो. हे मी रचून सांगत नाही.

यावरून कुणाला वाटेल की बाई नुसत्याच कडवट होत्या, तर तसं नाही. इतिहास विभागात एक चाचरत बोलणारे गृहस्थ होते, मुलुंड-भांडुपकडच्या मिठागरांवर काम करणारे. मिठागरात कामाला येणारी माणसं कुठून यायची, कुठे राहायची, मीठ ओढून पायांचं काय व्हायचं, हे ते म्हाताऱ्यांना भेटून लिहून घेत होते. त्यांच्याकडे रंगीत चित्रं नव्हती. पालेकरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाई मात्र खुर्ची पुढे ओढून ऐकत बसल्या, आपला चहाही त्यांच्यापुढे सरकवला. त्यांना तो नेहमीचा प्रश्न विचारावाच लागला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "बघ विनायक, एक माणूस खरं बोलला की जीव कसा थंड होतो." त्या दिवशी त्या खुशीत होत्या.

त्यांची अशीच एक खरी विद्यार्थिनी म्हणजे रेश्मा मुलाणी. गोवंडीतल्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, चाळिशीची, दोन मुलींची आई. तिच्या वर्गात मुलांनी डबे उघडले की माश्यांचा थर बसायचा. सगळे म्हणायचे, डंपिंग ग्राउंड जवळ आहे, माश्या असणारच. रेश्माला प्रश्न पडला की मग काही महिने त्या गायब का होतात? हा प्रश्न घेऊन ती बाईंकडे आली. बाईंनी तिला निवटीकडे वळवलं नाही, स्वतःच माश्यांकडे वळल्या.

चार वर्षं दोघींनी गोवंडीच्या गल्ल्यांत चिकट कागद टांगले. दर रविवारी बाई विक्रोळीहून जायच्या, कचऱ्यात वाकून अळ्या गोळा करायच्या, बरण्या पिशवीत घालून रेश्माच्या घरी चहा प्यायच्या. शेवटी निघालं ते असं की शाळेतल्या माश्या त्या मोठ्या कचऱ्याच्या डोंगरावरून येतच नव्हत्या. त्या शाळेच्या मागच्या भिंतीशी साचणाऱ्या, पावसाळ्यात कुजणाऱ्या आणि उन्हाळ्यात वाळून जाणाऱ्या उघड्या ढिगातून येत होत्या. रेश्माने पालकांना गोळा करून तो ढीग हलवला, आणि पुढच्या पावसाळ्यात मुलांनी डबे निवांत खाल्ले. केळीच्या सालींचे सगळे प्रबंध एका पारड्यात टाका, तरी त्यांच्यातून एवढं निघणार नाही.

बाईंची निवृत्ती जवळ आली तेव्हाची गोष्ट. इतकी वर्षं शिकवूनही त्या सहयोगी प्राध्यापकच होत्या. प्राध्यापक व्हायला जितके शोधनिबंध लागतात तितके त्यांच्याकडे नव्हते. निवटीवर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच त्यांनी लिहिले, कारण त्यांच्या मते तेवढंच कळलं होतं. आमच्याकडे एक रीत आहे. तू तुझ्या निबंधात माझं नाव घाल, मी माझ्यात तुझं घालतो. लग्नाच्या आहेरासारखी ही नावं विभागाविभागांतून फिरत असतात. बाई या व्यवहारात कधी पडल्या नाहीत.

पालेकर आणि सबनीस यांनी ठरवलं की मॅडमना प्राध्यापक म्हणून निवृत्त करायचं. ते दोघे दुष्ट नव्हते, हेच मला अधिक ओंगळ वाटतं. त्यांना बाईंबद्दल खरंच माया होती. त्यांनी गुपचूप डझनभर निबंधांवर बाईंचं नाव घालून टाकलं, आणि स्टाफरूममध्ये पेढ्यांचा बॉक्स फोडून ही बातमी त्यांना दिली.

"मॅडम, तुमची फाइल पूर्ण झाली," पालेकर म्हणाले. "आता मुलाखत म्हणजे नुसती औपचारिकता."

बाईंनी छापील पानं चाळली. संत्र्याची साल, मुलुंडचे ग्राहक, परीक्षेचा ताण, सगळीकडे 'कुंदा खानविलकर'. मग त्या उठून बेसिनपाशी गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या, साबण लावून, पुन्हा पुन्हा. चिखलातून आल्यावरही मी त्यांना असं हात धुताना पाहिलं नव्हतं.

"प्रेमाने केलंय हो," सबनीस म्हणाले.

"ते कळतंय," बाई म्हणाल्या. "म्हणूनच मळमळतंय."

त्यांनी त्या सगळ्या नियतकालिकांना पत्रं लिहिली, माझं नाव काढा म्हणून. निम्म्यांचे पत्तेच खोटे निघाले. एका संपादकाने कळवलं की नाव घालण्याप्रमाणेच नाव काढण्याचंही शुल्क आकारलं जातं. बाईंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. मुलाखतीला त्या गेल्याच नाहीत. कार्यालयातून फोन आला तेव्हा म्हणाल्या, "आज ओहोटी मोठी आहे, मला वेळ नाही." प्राध्यापकपद असं गेलं. त्याचं त्यांना फारसं वाटलं नसावं.

पण आहेर परत येतो तसा हाही आला होता. रेश्माचा माश्यांवरचा निबंध छापून आला, तेव्हा त्यावर पहिलं नाव पालेकरांचं होतं, दुसरं सबनीसांचं. रेश्माचं तिसरं. बाईंनी स्वतःचं नाव त्यात घातलंच नव्हतं, काम तिचं आहे म्हणून. आमच्याकडे प्रत्येक निबंध अधिष्ठात्यांच्या कार्यालयामार्फत पाठवावा लागतो, तिथे ही भर पडली. ग्राहकांचं समाधान मोजणारा माणूस गोवंडीच्या माश्यांचा तज्ज्ञ कसा झाला, हे विचारायला कुणी नव्हतं.

बाई तडक पालेकरांच्या केबिनमध्ये घुसल्या, मी मागोमाग. "ही दोन नावं आजच्या आज काढायची," त्या म्हणाल्या.

पालेकर अजिबात चिडले नाहीत. "काढू ना, मॅडम. पण मग चौकशी लागेल. चौकशी होईपर्यंत निबंध मागे घेतला जाईल. आणि छापील निबंध असल्याशिवाय रेश्माताईंना प्रबंध सादर करता येत नाही. त्यांची नोंदणीची मुदत या सत्रात संपते, वाढ आधीच घेऊन झाली आहे. तुम्ही म्हणाल तसं."

बाई तिथे उभ्या राहिल्या. मला त्या गुळगुळीत टेबलावर थुंकावंसं वाटत होतं. मी थुंकलो नाही.

संध्याकाळी त्यांनी रेश्माला बोलावलं. केबिनमध्ये बरण्यांच्या मधे बसवलं आणि सगळं सांगितलं. "तू म्हणशील तर मी लढते," बाई म्हणाल्या. "वर्ष-दोन वर्षं जातील. कदाचित पुन्हा नोंदणी करावी लागेल. पण काम तुझं आहे गं. तुझं नाव त्यांच्या मागे लागलेलं मला बघवत नाही."

रेश्मा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, राहू द्या ना. नाव जातंय तर जाऊ दे. शिक्षक प्रशिक्षणाच्या कॉलेजात जागा निघणार आहे, डिग्री असेल तरच घेतील. आमच्या घरात कुणी बारावीच्या पुढे गेलं नाही. मुली रोज विचारतात, अम्मी, तू डॉक्टर कधी होणार? मी अजून दोन वर्षं त्यांना काय सांगू?"

"चोरांना असंच सोडायचं?"

"त्या माश्या गेल्या ना मॅडम शाळेतून. ते कुणी चोरलं नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. आयुष्यात सगळ्यांना नाही म्हणत आलेली ही बाई, त्या शिक्षिकेला नाही म्हणू शकली नाही. "बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

बाई निवृत्त झाल्या आणि दोनच महिन्यांनी रेश्माची मौखिक परीक्षा लागली. ती खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. बाई मागच्या रांगेत येऊन बसल्या, इस्त्रीची साडी नेसून. मार्गदर्शक म्हणून पालेकर मंचावर होते, कारण निवृत्तांना आमच्याकडे कागदावर जागा नसते. रेश्माचा नवरा आणि दोन मुली पुढे बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स होता.

रेश्मा फार सुंदर बोलली. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले आणि म्हणाले, "इतक्या घाणीत चार वर्षं काम करायचं म्हणजे सोपं नाही. तुमच्याबरोबर कोण असायचं?"

रेश्माने मागच्या रांगेकडे पाहिलं. पालेकरांनीच उत्तर दिलं. "अहो, विचारू नका. त्या कचऱ्यात उभं राहायचं म्हणजे काय असतं! पहिल्या दिवशी तर मला जेवण गेलं नाही." सभागृह हसलं. गोवंडी कुठल्या बाजूला आहे हे तरी या माणसाला सांगता आलं असतं का? मी उठायला लागलो. बाईंनी माझं मनगट घट्ट धरून मला खाली बसवलं, आणि रेश्माकडे बघून मान हलवली, होय म्हण.

रेश्मा म्हणाली, "हो सर. पालेकर सर असायचे."

निकाल जाहीर झाला. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या बाईंनी, आणि बाकीचे थांबले तरी त्या वाजवतच होत्या. धाकटी मुलगी पेढे वाटत मागे आली. बाईंनी तिच्या गालाला हात लावला, अख्खा पेढा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "आता अम्मीला डॉक्टर म्हणायचं हं." रेश्मा जवळ येऊन पाया पडायला वाकली तेव्हा तिला वरच्या वर उचललं. हसत होत्या.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्या विक्रोळीच्या पाण्याबद्दल, टाकी दुरुस्तीबद्दल काहीतरी बोलत होत्या. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, गटाराच्या कडेला गेल्या, भिंतीला हात टेकला आणि ओकल्या. सगळं बाहेर पडेपर्यंत ओकल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं, रिक्षाला हात केला.

"रेश्माला सांगू नकोस हां विनायक," रिक्षात बसता बसता त्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, पेढा छान होता."